केअर प्लॅन आपण पेशंटसाठी लिहितो की फाइलसाठी?

गोदाकाठची_सिस्टर | मंगळवार, रात्री ९.४०

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नाशिकमध्येच वॉर्डात १६ वर्षं काढली, शेवटची ४ इनचार्ज म्हणून. धागा काढायचं कारण एक पेशंट आहे. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. वॉर्ड माझा होता आणि सही माझी होती, एवढं सांगते.

सत्तरीतले आजोबा. पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी), बोलणं बंद. आले तेव्हा पाठ साफ होती, मी स्वतः बघितली होती. सातव्या दिवशी सकाळी स्पंजिंग करताना मावशीने हाक मारली, "सिस्टर, जरा इकडं या." सॅक्रमवर (माकडहाडाच्या वरच्या भागावर) रुपयाच्या नाण्याएवढी कातडी सोललेली, भोवती गडद लाल.

फाइल उघडली. केअर प्लॅनच्या पानावर (पेशंटला कशाचा धोका आहे आणि नर्सने काय करायचं ते लिहायचं पान) इंग्रजीत सगळं व्यवस्थित होतं. समस्या: त्वचेला इजा होण्याचा धोका. कारण: हालचाल बंद. काय करणार: दर २ तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती नको, प्रोटीनयुक्त आहार. पहिल्या दिवशी ब्रेडन स्कोअर (पडून राहून जखम होण्याचा धोका मोजणारा आकडा, जितका कमी तितका धोका जास्त) १२, सातव्या दिवशीही १२. मूल्यमापनाच्या रकान्यात सातही दिवस एकच वाक्य, 'त्वचा अखंड आहे'. सातव्या दिवसाचं वाक्य त्याच पहाटे ५ वाजता लिहिलेलं होतं.

नाइटच्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, "मागच्या पानावरून उतरवलं सिस्टर. सगळेच उतरवतात." त्या रात्री वॉर्डात ३१ पेशंट आणि सिस्टर दोघीच. एकाला रक्त चालू, एकाची शुगर ४० वर आलेली. तिला रागवायला मला तोंड नव्हतं. सातही दिवस त्या पानाखाली इनचार्जची सही आहे, आणि मी ती वाचून केलेली नाही.

आम्हाला केअर प्लॅन येत नाही असं नाही. आधी पाहणी, मग नर्सिंग निदान (आजाराचं नाही, काळजीच्या गरजेचं), मग उद्दिष्ट, काम, मूल्यमापन, झोपेतून उठवलं तरी सांगू. तरी हे झालं. म्हणून विचारते, तुम्ही प्लॅन नेमका कधी लिहिता? पेशंट बघताना, की ड्युटी संपता संपता? आणि दुसऱ्या सिस्टरने लिहिलेला प्लॅन शेवटचा कधी वाचला होता? खरं सांगा. इथे कुणी कुणाची फाइल तपासायला बसलेलं नाही.


सिडकोची_नाइट | मंगळवार, रात्री ११.१५

ताई, त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. बीएस्सी होऊन २ वर्षं झाली, खाजगी हॉस्पिटलात आहे, नाइट ८ ते ८.

ओव्हर (मागच्या ड्युटीकडून पेशंटची माहिती) घेईपर्यंत साडेआठ होतात. मग ९ ची इंजेक्शनं, १० ची औषधं, टीपीआर (ताप-नाडी-श्वास), मध्येच एखादं ॲडमिशन. २ वाजता सलाईन, आरबीएस (रक्तातली साखर). ४ पासून रक्ताची सॅम्पल, ६ ला इनटेक-आउटपुटची (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं) बेरीज. केअर प्लॅनला जो वेळ उरतो तो ५ च्या आसपास, आणि तेव्हा डोळे उघडे ठेवणं हेच काम असतं. कॉलेजात एका पेशंटवर तीन दिवस बसून १२ पानी केअर प्लॅन लिहिला होता. इथे एका रात्रीत १४ लिहायचे असतात.

पण एक सांगू का? डोक्यात प्लॅन असतो. ओव्हर घेतानाच मी ठरवते, ७ नंबरच्या काकांना रात्री एकट्याने बाथरूमला जाऊ द्यायचं नाही. त्यांना लघवीचं इंजेक्शन चालू आहे, घाईने उठतात, आणि हाक मारायला लाजतात. म्हणून झोपण्याआधी मीच जाऊन विचारते, मग १ ला परत. फाइलमध्ये मात्र मी 'पडण्याचा धोका, साइड रेल वर ठेवले' (म्हणजे बेडचे कठडे) एवढंच लिहिते. काका लाजतात हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते मला कळत नाही. आणि दिवसपाळीच्या सिस्टरला ते माहीत नसतं.


शिकवणारी | बुधवार, सकाळी ७.०५

सिडकोच्या ताई, तुम्ही काकांबद्दल लिहिलंत ना, तोच केअर प्लॅन आहे. साइड रेलचं वाक्य कुणालाही लागू पडतं.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, आणि यातला मोठा दोष आमच्याकडे येतो. ज्या कल्पनेवर हे सगळं उभं आहे ती आम्ही वर्गात रकान्यांचा तक्ता करून टाकली. आयडा जीन ऑर्लँडो या अमेरिकन परिचारिकेने पेशंट आणि नर्स यांच्यात प्रत्यक्ष काय घडतं ते बसून टिपलं आणि १९६१ मध्ये पुस्तकात मांडलं. तिचं सांगणं साधं होतं. पेशंटच्या वागण्याचा अर्थ आपल्या मनाने लावू नका, त्यालाच विचारून खात्री करून घ्या, मग काम करा, आणि काम केल्यावर त्याला बरं वाटलं का ते पुन्हा बघा. पेशंट सारखी बेल वाजवतोय म्हणजे तो त्रासदायक आहे असं धरू नका, तो घाबरलेला असेल. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने पाहणीपासून मूल्यमापनापर्यंतच्या पाच पायऱ्या आपल्या मानकांत घातल्या. त्याच वर्षी सेंट लुइसला नर्सिंग निदानांची पहिली परिषद भरली, तिच्यातून नांदा या संस्थेची नर्सिंग निदानांची यादी वाढत गेली. आपल्याकडे आली ती यादी. विचारून खात्री करायची सवय मागे राहिली.

माझ्या विद्यार्थिनी पेशंटला भेटायच्या आधी निदान लिहून आणतात. न्यूमोनिया म्हटलं की 'श्वासमार्ग मोकळा नसणे', ऑपरेशन म्हटलं की 'तीव्र वेदना'. मी त्यांना एक उदाहरण देते. हृदय कमजोर झालेल्या दोन बायका, डॉक्टरांचं निदान एक, गोळ्याही जवळपास त्याच. एक कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये लिफ्टने वर जाणार, घरात कमोड. दुसऱ्या आजी जुन्या नाशकातल्या वाड्यात माडीवर राहतात, जिना उभा, संडास खाली अंगणात. त्या पाण्याची, म्हणजे लघवी जास्त होणारी गोळी मुद्दाम टाळतात, कारण गोळी घेतली की जिना चार वेळा उतरावा लागतो. दोघींचं नर्सिंग निदान एक कसं येईल? पण आजींना जिन्याचं विचारलं तरच हे कळणार.

म्हसरूळला आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं, राज्यभरातल्या बीएस्सी नर्सिंगच्या मुली त्याची परीक्षा देतात. केअर प्लॅनवर प्रश्न असतो आणि मुली छान मार्क काढतात. म्हणून ज्ञान कमी पडतं हे मला पटत नाही. वॉर्डात आल्यावर तिला दिसतं की हे पान कुणी वाचत नाही, आणि महिन्याभरात तीही उतरवायला शिकते.


आयसीयू_ब्रदर | बुधवार, दुपारी ३.३०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

वृत्ती, जागरूकता, ट्रेनिंग या शब्दांची मला आता भीती वाटते. काही झालं की नर्सेसचं सेशन लावतात, सही घेतात, चहा-बिस्किट, झालं. आधी हिशोब करा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात ५ पेशंटमागे १ नर्स, शिक्षण रुग्णालयात ३ मागे १, शिवाय रजेसाठी वेगळा राखीव स्टाफ. ताईंच्या वॉर्डात त्या रात्री १५-१६ मागे १ होती. दर २ तासांनी कूस म्हणजे १२ तासांच्या नाइटमध्ये एका पेशंटला ६ वेळा, दर वेळी दोन माणसं, पाच मिनिटं. असे ८ पेशंट असले तर ४८ वेळा, म्हणजे दोघींचे पूर्ण ४ तास. ते आणायचे कुठून? ज्या प्लॅनला माणूसबळ नाही तो लिहायला लावणं म्हणजे त्या मुलीला खोटं लिहायला लावणं आहे. हे मी मनापासून बोलतोय. मी स्वतः तसं लिहिलंय आणि ते माझ्या मनाला लागलेलं आहे.

दुसरं, नुसत्या कागदावर फार विश्वास ठेवू नका. नर्सिंग नोंदींच्या पद्धतींवर कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २००९ चा आढावा आहे. नोंदीची पद्धत बदलल्याने पेशंटच्या प्रकृतीत किंवा नर्सच्या कामात स्पष्ट फरक पडतो असा फारसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

आमच्या आयसीयूत प्लॅन पाळला जातो त्याचं कारण आम्ही जास्त मनापासून काम करतो असं नाही. एकाकडे एक-दोनच पेशंट असतात, आणि तासातासाचा मोठा तक्ता बेडच्या पायथ्याशीच असतो. कूस बदलली की तिथेच टिक. नाही बदलली तर पुढचा माणूस लगेच विचारतो.


निवृत्त_परिचारिका | बुधवार, रात्री ८.५०

मुलींनो आणि ब्रदर, सगळं वाचलं. सरकारी नोकरीत ३४ वर्षं झाली, आता पंचवटीत घरी असते.

आमच्या वेळी केअर प्लॅन हा शब्द वॉर्डात कुणी वापरत नसे. रिपोर्ट बुक असायचं, जाड लाल पुठ्ठ्याचं. पण आमच्या इनचार्ज बाईंचा एक नियम होता. ओव्हर टेबलाशी बसून घ्यायचा नाही, बेडपाशी उभं राहून घ्यायचा, आणि चादर उचलून बघितल्याशिवाय 'घेतला' म्हणायचं नाही. मागच्या ड्युटीवालीने पाठ साफ म्हणून सांगितली आणि साफ नसली, तर तिथेच, पेशंटसमोर, दोघींनी बघायचं. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. पण उतरवून चालत नसे, कारण दहा मिनिटांत दुसरी बाई येऊन बघणारच असायची.

नाइटिंगेल बाईंनी १८५९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या एकाच गोष्टीवर एक प्रकरण खर्च केलंय. तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही हजर नसताना कसं होईल, याची व्यवस्था जिला जमत नाही तिची बाकीची सगळी चांगली शुश्रूषा वाया जाऊ शकते, असा त्याचा आशय. ट्रेनिंगला असताना पाठ केलं होतं. कळलं मात्र २०१५ च्या सिंहस्थात. आमच्यातल्या कितीतरी जणी साधुग्राम आणि घाटांवरच्या ड्युटीला गेल्या, वॉर्डात बाहेरच्या जिल्ह्यांतून मुली आल्या. चांगल्या, कामसू मुली, पण त्यांना ना पेशंट माहीत, ना कुठे काय ठेवलंय ते. आमच्या डोक्यात जे होतं ते आमच्याबरोबर रामकुंडावर गेलं. एका डायबेटिसच्या बाईंना इन्सुलिन दिल्यावर लगेच जेवण द्यावं लागायचं. त्या उपास सांगून ताट परत करायच्या, म्हणून आम्ही आधी ताट समोर ठेवायचो, मग इंजेक्शन द्यायचो. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नव्या मुलीने वेळेवर इंजेक्शन दिलं, आणि बाई घामाने डबडबल्या. वेळेत ग्लुकोज मिळालं म्हणून निभावलं.

आता पुढचं सिंहस्थ तोंडावर आहे. पुन्हा स्टाफ हलणार. सिडकोच्या बाळा, तुझ्या काकांचं लिहून ठेव, रकाना असो नसो.


निफाडकर | गुरुवार, सकाळी ६.२०

मी नर्स नाही, द्राक्षबागवाला आहे. दोन वर्षांपूर्वी वडिलांना पॅरालिसिस झाला, नाशिकला १९ दिवस ॲडमिट होते. ताईंनी आजोबांचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे म्हणताय नर्सने कूस बदलायची. आमच्या वडिलांची कूस मी आणि माझी बायको बदलायचो. वॉर्डातल्या निम्म्या पेशंटचं नातेवाइकच करत होते. पहिले तीन दिवस आम्हाला हे करायचं असतं हेच माहीत नव्हतं. फाइल कुणी दाखवली नाही, आणि दाखवली असती तरी ती इंग्रजीत. चौथ्या दिवशी एक सिस्टर आल्या. पाठकोऱ्या कागदावर पेनाने घड्याळ काढलं. ६ ला डावी कूस, ८ ला पाठ, १० ला उजवी, परत १२ ला डावी. खाली लिहिलं, उजवा हात धरून ओढायचं नाही, खांद्याला त्रास होतो, चादरीसकट वळवायचं. पाठीवर लाल दिसलं तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, दाबूनही लालच राहिलं तर लगेच मला बोलवा. कागद सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीने लावला.

तो कागद डिस्चार्जच्या वेळी आम्ही घरी आणला. पुढे आठ महिने वडील अंथरुणावर होते, छाटणीच्या दिवसांत बायको एकटी असायची, घड्याळ बघून करायची. पाठीला काही झालं नाही. तुमच्या भाषेत याला केअर प्लॅन म्हणतात का ते मला माहीत नाही.


शिकवणारी | गुरुवार, सकाळी ९.१०

दादा, यालाच म्हणतात. पाहणी, काम, मूल्यमापन कसं करायचं आणि केव्हा बोलवायचं, सगळं त्या पाठकोऱ्या कागदावर आहे. तो बोटाने दाबून बघण्याचा भाग मी वर्गात दोन तास शिकवते.


गोदाकाठची_सिस्टर | गुरुवार, दुपारी २.४५

ड्युटीवरून आले आणि निफाडच्या दादांचं वाचून बसूनच राहिले.

आजोबांची सून रोज सकाळी ७ ते संध्याकाळी ७ त्यांच्याजवळ होती. ती आमच्याकडे आशेने बघायची, काही करायला सांगतील म्हणून. आम्ही तिला फक्त औषधांच्या चिठ्ठ्या दिल्या. आमच्या प्लॅनमध्ये 'दर २ तासांनी कूस बदलणे' असं होतं, पण कोण बदलणार ते नव्हतं. रात्री सिस्टरने धरलं मावशी करेल, मावशीने धरलं नातेवाईक करतील, सुनेला वाटलं याला हात लावायचा नसतो.

ब्रदर, तुमचा ४८ वेळांचा हिशोब मी मेट्रन मॅडमना जसाच्या तसा दाखवला.


सुरगाण्याहून | गुरुवार, रात्री १०.०५

ग्रामीण भागात काम करते, म्हणून एक मुद्दा. नातेवाइकांना मराठीत सांगा हे बरोबर, पण आमच्याकडे मराठीही पुरत नाही. कोकणा बोली बोलणारे पेशंट, सिस्टरसमोर सगळ्याला 'बरं आहे' म्हणतात. दुखतंय का, बरं आहे. जेवलात का, बरं आहे. पाहणीच्या पानावर मग सगळं ठीक येतं, आणि सगळं ठीक असेल तर प्लॅन तरी कशाचा करणार?

एक बाळंतीण जेवत नव्हती. दोन दिवस आम्ही 'आहाराबाबत आरोग्यशिक्षण दिले' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी आमच्या गावातल्याच मदतनीस बाईंनी तिच्याशी तिच्या बोलीत गप्पा मारल्या. कळलं, तिला घरी नागलीची भाकर लागते, आणि इथे ताटात येणारं तिच्या घशाखाली उतरत नाही. सासूला भाकर आणायला सांगितलं. संध्याकाळपासून जेवायला लागली, दूधही वाढलं. तेव्हापासून मी पाहणीला त्या बाईंना सोबत नेते. कागदावर त्यांचं नाव कुठे येत नाही, पण आमच्या वॉर्डाची अर्धी पाहणी त्यांच्यामुळे होते.


क्वालिटीवाली | शुक्रवार, दुपारी १२.१५

माझं काम फाइली तपासण्याचं आहे, म्हणून इथे लिहायला जड जातंय. मीही मूळची स्टाफ नर्स.

एनएबीएच या रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांत नर्सिंग केअर प्लॅन लेखी असावा अशी अपेक्षा आहे. आम्ही तपासतो काय, तर पान आहे का, तारीख-वेळ आहे का, सही आहे का. गोदाकाठच्या ताईंची ती फाइल माझ्याकडे आली असती तर मी तिला पूर्ण मार्क दिले असते. हे लिहितानाही कसंतरी होतंय.

ब्रेडन स्कोअरबद्दल नव्या मुलींसाठी सांगते, कारण तो सगळ्यात जास्त उतरवला जातो. १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी तो प्रसिद्ध केला. सहा गोष्टी बघायच्या: पेशंटला दाब जाणवतो का, अंग किती ओलं राहतं, उठतो-फिरतो का, कूस स्वतः बदलतो का, खातो किती, आणि सरकताना कातडी घासते का. बेरीज ६ ते २३ मध्ये येते, १८ किंवा कमी म्हणजे धोका. बेरजेपेक्षा कुठला आकडा पडलाय ते महत्त्वाचं असतं. आजोबांचा १२ ओलेपणामुळे होता की खाण्यामुळे, त्यावर काम ठरायला हवं. शौच सैल होत असेल तर नुसती कूस बदलून पुरणार नाही. आणि रायल्स ट्यूबने फीड सुरू झाल्यावर, ताप चढल्यावर सात दिवस आकडा हलत नाही, हे तपासणाऱ्याला खटकायला हवं होतं.

गेल्या आठवड्यापासून मी फाइल घेऊन बेडपाशी जाते आणि त्या ड्युटीच्या सिस्टरला एकच विचारते, या पेशंटची तुम्हाला आज सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? दहा जणींना विचारलं. दहाही जणींनी नेमकं उत्तर दिलं. त्यातलं फाइलमध्ये होतं फक्त तिघींचं.


एमडी_मेडिसिन | शुक्रवार, रात्री ११.३०

प्रॅक्टिसला ११ वर्षं झाली. राउंडला मी केअर प्लॅनचं पान एकदाही उघडलेलं नाही. व्हायटल्स, लॅब, आय-ओ (इनटेक-आउटपुट) एवढं बघतो. वरचं वाचून लक्षात आलं की वाड्यातल्या आजी गोळी का टाळतात हे मला सिस्टर सांगू शकल्या असत्या, आणि मी डोस वाढवत बसलो असतो. सोमवारपासून राउंडला सिस्टरना आधी बोलायला सांगणार आहे.


गोदाकाठची_सिस्टर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.००

बरेच जण विचारत होते पुढे काय झालं, म्हणून सांगते.

नाइटला तिसरी सिस्टर मिळाली नाही. मागणी वर गेली आहे, उत्तर नाही. एक जादा मावशी मिळाली, रात्री १० ते सकाळी ६. मेट्रन मॅडमनी ओव्हर बेडपाशी घ्यायला परवानगी दिली, पण सगळ्या ३१ पेशंटचा नाही, अंथरुणाला खिळलेल्या ७-८ जणांचाच. ते शहाणपणाचं ठरलं. सगळ्यांचा केला असता तर चार दिवसांत बंद पडलं असतं.

इंग्रजी पान तसंच आहे, ते बदलणं माझ्या हातात नाही. त्याशिवाय या ७-८ पेशंटच्या बेडला एक मराठी कागद लावतो, निफाडच्या दादांच्या घड्याळाचा. त्यावर कूस कोण बदलणार ते नावानिशी लिहितो: दिवसा सून, रात्री मावशी, २ वाजता सिस्टर स्वतः बघणार. पहिल्या आठवड्यात छान चाललं. दुसऱ्या आठवड्यात दोन जणी रजेवर गेल्या आणि तीन रात्री कागद कोरे राहिले. मी त्या रकान्यांत काही भरू दिलं नाही, कोरेच ठेवले. कोरे रकाने घेऊनच पुन्हा मॅडमकडे गेले. त्यांनी ते हातात धरून बराच वेळ बघितले.

आजोबा घरी गेले. जखम भरत आली होती, ड्रेसिंग सून शिकली. जाताना तिने स्टँडवरचा कागद काढून पिशवीत टाकला. मी तिची माफी मागितली. तिला बहुतेक कशाबद्दल ते कळलं नाही, ती मलाच नमस्कार करून गेली.

रडणारी ती मुलगी अजून माझ्याच वॉर्डात आहे.


सिडकोची_नाइट | रविवार, रात्री १०.१०

ताई, इथे कुणाला तरी सांगायचंच होतं. परवा रात्री ३ वाजता एका आजींची पाठ बघितली. लाल होती, बोटाने दाबलं, लालच राहिली. कातडी गेलेली नव्हती. आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) सांगितलं, अल्फा बेड (हवेची गादी) मागवला, मुलाला उठवून घड्याळ समजावलं. मग मूल्यमापनात लिहिलं, 'सॅक्रमवर लाली, दाबूनही जात नाही, ३.१० ला आरएमओंना कळवले'. आणि खाली मराठीत, 'आजी डाव्या कुशीवर राहत नाहीत कारण त्या बाजूला भिंत आहे, दार दिसत नाही म्हणून घाबरतात, बेड फिरवला'.

सकाळी ओव्हर देताना सीनियर म्हणाल्या, हे असं लिहायचं नसतं, उद्या काही झालं तर आपल्यावर येईल, 'त्वचा अखंड' लिही, कातडी गेलेली नाहीच ना. आणि मराठीतली ओळ खोडायला सांगितली. सव्वानऊपर्यंत तिथेच उभी होते, माझी सिटीलिंक बस गेली. अजून काही खोडलेलं नाही. आज परत नाइटला आले आहे. काय करू?


निवृत्त_परिचारिका | रविवार, रात्री १०.२५

खोडू नकोस बाळा. बघितलं तेव्हा जे दिसलं ते वेळेसकट लिहिलंस, तुला कळवायचं तिथे कळवलंस, त्यात तुझ्यावर येण्यासारखं काही नाही. सीनियरना वाटत असेल तर त्यांनी त्यांच्या ड्युटीत पाठ बघून त्यांची वेळ, त्यांची सही घालून खाली लिहावं.


गोदाकाठची_सिस्टर | रविवार, रात्री १०.४०

काकू म्हणतात तेच. आणि आता आधी आजींची पाठ बघ. लाली कमी झाली का ते इथे सांग, मी जागी आहे.


सिडकोची_नाइट | सोमवार, पहाटे २.५५

बघितली. दाबल्यावर पांढरी होते आता. बेड कुणी हलवलेला नाही, आजी दाराकडे तोंड करून झोपल्यात.